नागपूरचा पारा अन् आपलं वावर : हवामानाच्या विक्रमांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात चौकातल्या टपरीवर पेपर उघडला की पहिली नजर नागपूरच्या पाऱ्यावर जाते. कोणीतरी मोठ्यानं वाचतं, "आज शेहेचाळीस!" दुसरा म्हणतो, "आपल्या इकडं तं पन्नास असन." अन् तिसरा माझ्याकडे बघतो. मी इथं विदर्भातल्या आमच्या खेड्यात शाळेत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. अंगणात पावसाचा डबा ठेवतो आणि रोज सकाळी वहीत आकडा लिहितो. एवढ्याशा भांडवलावर गावानं मला हवामान खातं करून टाकलं आहे. तेच ते प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न लोकांच्याच तोंडचे आहेत, त्यांना मी इस्त्री केलेली नाही.

गुरुजी, नागपुरात आजवर सगळ्यात जास्त तापलं ते कधी? अन् सगळ्यात जास्त थंडी?

सगळ्यात जास्त ४७.९ अंश, मे २०१३ मध्ये. सगळ्यात कमी ३.५ अंश, २९ डिसेंबर २०१८ ला. थंडीचा आधीचा विक्रम ३.९ अंशांचा होता, जानेवारी १९३७ मधला. म्हणजे तो ऐंशीच्या वर वर्षं कोणाला मोडता आला नाही.

या दोन टोकांतलं अंतर काढा : ४४.४ अंश. मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावरचा उच्चांक ४२.२ आहे (१९५२) आणि नीचांक ७.४ (१९६२), म्हणजे अंतर ३४.८. समुद्र जवळ असला की तो उन्हाळ्यात फार तापू देत नाही आणि हिवाळ्यात फार गारठू देत नाही. आपल्याला समुद्र कोणत्याच बाजूला जवळ नाही. म्हणून आपल्याकडे एकाच माळ्यावर गोधड्याही असतात आणि कूलरही.

पण २०२४ साली ५६ झालं होतं ना? माझ्या मोबाईलवर फोटो हाय.

फोटो माझ्याकडेही आला होता, निदान वीस जणांकडून. ३० मे २०२४ ची गोष्ट. नागपूर परिसरातल्या चार स्वयंचलित केंद्रांपैकी एकानं ५६ अंश दाखवलं, दुसऱ्यानं ५४. बाकीची दोन मात्र ४४ च्या आसपास होती. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की पहिल्या दोन ठिकाणचे सेन्सर बिघडलेले होते. पण तोपर्यंत ५६ चा आकडा गावोगाव पोचला होता, आणि दुरुस्ती कोणी पुढे पाठवत नाही.

खात्यानं सांगितलं नसतं तरी साध्या अकलेनं शंका यायला हवी होती. भारतात आजवर अधिकृतपणे नोंदलेलं सर्वोच्च तापमान ५१.० अंश आहे, १९ मे २०१६, राजस्थानातलं फलोदी. जगाचा विक्रम ५६.७, अमेरिकेतली डेथ व्हॅली, १० जुलै १९१३. म्हणजे त्या दिवशी नागपूरनं फलोदीला पाच अंशांनी मागे टाकलं आणि डेथ व्हॅलीच्या पायाला हात लावला, अन् शेजारच्या केंद्राला मात्र त्याचा पत्ताच नाही? एकाच शहरात, एकाच दुपारी, बारा अंशांचा फरक? आपल्या गावात एकाच्या वावरात पाऊस पडतो अन् धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडच्या शेतात, पडत नाही हे खरं. पण उन्हाचं तसं नसतं.

त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ दाखवलं होतं. तपासात निघालं की तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. आणि विक्रम नंतर खोडला जाणं ही काही लाजेची गोष्ट नाही. लिबियातल्या अल अझिझिया गावाचा १९२२ चा ५८ अंशांचा विक्रम पोरांनी नव्वद वर्षं पाठ केला. मीही शिकवला. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द केला, कारण नोंद घेणारा माणूस त्या उपकरणाला सरावलेला नव्हता असं दिसून आलं. ज्या पोरांना मी ५८ पाठ करायला लावलं, त्यातल्या एकानं परवा बाजारात मला गाठून हे सांगितलं. मी म्हटलं, मार्क परत मिळणार नाहीत.

मोबाईल ४९ दाखवते, बातमीत ४५ सांगते, अन् गाडीच्या मीटरवर ५२. खरं कोन्तं?

तिघं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. यातला बातमीतला आकडाच नियमानं मोजलेला आहे.

हवामान केंद्रावर पांढऱ्या रंगाची, झिलमिली असलेली लाकडी पेटी असते. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, खाली गवत, चहूबाजूंनी मोकळं. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत येत नाही. तिच्यात तापमापक ठेवलेले असतात. म्हणजे आपण जो पारा ऐकतो तो सावलीतल्या, वाहत्या हवेचा असतो. उन्हाचा नाही. ४५ अंश हे सावलीतलं आहे हे एकदा नीट ध्यानात घ्या, म्हणजे वावरात उघड्यावर काम करणाऱ्या बाईच्या अंगावर काय येत असेल याचा अंदाज येईल. मे महिन्याच्या दुपारी नांगरलेल्या काळ्या मातीचा वरचा थर साठीच्या घरात जातो. अनवाणी चालून बघू नका.

गाडीचं मीटर डांबरावरची आणि इंजिनाजवळची हवा सांगतं. मोबाईलमधलं ॲप बहुतेक वेळा मोजतच नाही. दूरदूरच्या केंद्रांच्या नोंदी आणि संगणकाचं गणित यांवरून तुमच्या गावाचा अंदाज बांधतं. त्यातही पुष्कळ ॲप मोठ्या अक्षरात 'जाणवणारं तापमान' दाखवतात. ते हवेतला दमटपणा धरून काढलेलं असतं. जूनमध्ये पारा ३८ असताना ४६ जाणवू शकतं आणि मेच्या कोरड्या हवेत ४४ चं ४२ ही जाणवू शकतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त विक्रमाच्या वहीत 'जाणवणारं' लिहीत नाहीत.

सगळ्यात गरम गाव कोन्तं, नागपूर का चंद्रपूर?

यावर टपरीवर हातघाई झालेली पाहिली आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, नागपूर ही मंडळी आळीपाळीनं पहिला नंबर लावतात, पण बहुतेक उन्हाळ्यांत चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडची बाजू जड असते. चंद्रपूरला कोळशाच्या खाणी आहेत, २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे तिथले लोक सगळा दोष त्यांच्यावर टाकतात. उघड्या खाणी आणि राखेचे ढिगारे आजूबाजूचं तापवतात हे खरंच, पण अकोल्याला खाणी नाहीत आणि अकोलाही शेहेचाळिशीत जातं. मे २०२४ मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. आपण आजवर जमावबंदी दंगलीसाठी ऐकलेली. ती सूर्यासाठी लागलेली पहिल्यांदाच बघितली.

विदर्भात थंडावा हवा असेल तर उंचीवर जा. बुलढाणा अकोल्यापेक्षा बराच वर आहे, म्हणून दोन-चार अंशांनी सुखी. चिखलदऱ्याचं तर सांगायलाच नको.

आपल्याकडंच काहून इतकं तापते?

समुद्र दूर, हे पहिलं. दुसरं म्हणजे एप्रिल-मेमध्ये वारा वायव्येकडून, राजस्थानच्या वाळवंटावरून येतो. तो वाटेत आणखी कोरडा होत आपल्या दारात पोचतो. जमिनीत ओल असली तर सूर्याची बरीच उष्णता ती ओल उडवण्यात खर्च होते. मेमध्ये आपल्या वावरात ओल कुठली? मग सगळी उष्णता सरळ हवा तापवण्यात जाते. आकाशात ढग नसतात ते वेगळंच.

आणि चौथं कारण डोक्यावर असतं, अक्षरशः. सूर्य उत्तरेकडे सरकत येतो आणि मेच्या उत्तरार्धात भरदुपारी नेमका आपल्या माथ्यावर येतो. चंद्रपूरला साधारण २० मेच्या सुमारास, अकोल्याला त्यानंतर तीन-चार दिवसांनी, नागपूरला २६ मेच्या आसपास. त्या दिवशी बारा वाजून गेल्यावर अंगणात बाटली उभी करा. काही मिनिटं तिची सावली तिच्या पायाखालीच असते. शाळेत असताना मी दरवर्षी पोरांना सुट्टीत बोलावून हे दाखवायचो. निम्मी पोरं बाटलीसाठी यायची, निम्मी नंतरच्या पन्ह्यासाठी.

मग नवतपा खरा म्हणायचा का?

अर्धा. सूर्य रोहिणी नक्षत्रात साधारण २५ मेला जातो आणि पुढचे नऊ दिवस नवतपा. सूर्य माथ्यावर येण्याचा काळ आणि हा काळ जवळपास एकच, त्यामुळे जुन्या माणसांचं निरीक्षण पक्कं होतं. पण 'नवतपा तापला की पाऊस चांगला' हे दरवर्षी जुळत नाही. कधी नवतप्यातच वादळी पाऊस येऊन पारा चाळिशीच्या आत येतो आणि पुढे पावसाळा चांगलाही होतो.

उष्णतेची लाट म्हणजे नेमकं किती?

आपल्यासारख्या सपाटीच्या भागात पारा निदान ४० हवा आणि त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त हवा. किंवा मग सरळ ४५ गाठायला हवं. सरासरीपेक्षा ६.४ च्याही वर गेलं किंवा ४७ गाठलं तर तीव्र लाट. हे एका हवामान उपविभागातल्या, म्हणजे विदर्भासारख्या पट्ट्यातल्या, निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसावं लागतं, मग जाहीर होतं. आता आपल्याकडे मेमध्ये सरासरीच इतकी वर असते की ४३ अंशांत माणूस भाजून निघाला तरी कागदावर लाट नसते. म्हणून 'लाट नाही' असं वाचून दुपारी निंदायला बाया लावू नका.

दरसाल पेपरात येते, विक्रम मोडला. इतके विक्रम येतात कुठून?

चांगला प्रश्न. हा एका सातवीतल्या पोरीनं विचारला होता.

विक्रमाच्या मागे काय लिहिलं आहे ते वाचायचं. 'आजवरचा सर्वोच्च', 'एप्रिल महिन्यातला सर्वोच्च', 'दहा वर्षांतला सर्वोच्च' आणि 'या मोसमातला सर्वोच्च' या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. शेवटचा तर उन्हाळा चढत असताना दर दोन दिवसांनी मोडतोच, त्यात नवल काय? शिवाय केंद्र किती जुनं आहे तेही बघायचं. पाच वर्षांपूर्वी बसवलेल्या यंत्राचा 'आजवरचा विक्रम' म्हणजे पाच वर्षांचा. नागपूरच्या ३.५ ला वजन आहे ते त्याच्यामागे निदान १९३७ पासूनची वही आहे म्हणून.

त्या ३.५ च्या वेळी आपल्या इकडं किती होतं?

आपल्या गावात कोणी मोजलंच नाही. नागपूरचं ३.५ हेही चार फुटांवरच्या पेटीतलं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि गार जड हवा खाली बसते. त्यामुळे पिकाच्या उंचीवर, विशेषतः नाल्याकाठच्या खोलगट वावरात, पारा आणखी दोन-चार अंशांनी खाली असतो. शहरात सिमेंट रात्रभर ऊब सोडत राहतं, गावात तेही नाही. उन्हाळ्यात या हिशेबाचा फायदा आपल्याला होतो. नागपूरचा माणूस रात्री बारालाही गच्चीवर घामाघूम असतो, आपल्याकडे अंगणातल्या खाटेवर दोननंतर चादर लागते. हिवाळ्यात तोच हिशेब उलटा फिरतो.

अशा रात्री तूर आणि भाजीपाला जपायचा. संध्याकाळी हलकं पाणी दिलं तर ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. पहाटे धुऱ्यावर काडीकचरा पेटवून धूर करायची जुनी रीत आहे, वारा पडलेला असेल तर तिचा थोडा उपयोग होतो. वारा सुटला असेल तर फक्त डोळे चुरचुरतात.

नागपुरात पूर आला होता, ती ढगफुटी होती का?

तिथल्या दोन घटना लोक एकत्र करून सांगतात. पहिली ६ जुलै २०१८. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन बऱ्याच वर्षांनी नागपुरात भरलं होतं आणि सहा तासांत अडीचशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. विधानभवनातल्या विजेच्या खोलीत पाणी शिरलं, वीज बंद करावी लागली, कामकाज थांबलं. आमच्या गावात त्या दिवशी लोकांना कोण आनंद झाला. म्हणे आता कळलं असेल पाणी घरात शिरणं काय असतं.

दुसरी २३ सप्टेंबर २०२३ ची, आणि तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मध्यरात्रीनंतर तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत घुसली. माणसं झोपेत होती. जीव गेले.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे ढगफुटी म्हणजे लहानशा भागात एका तासात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस. या दोन्ही दिवशी पाऊस भयंकर होता, पण तो अनेक तासांत वाटलेला होता. २०१८ चा आकडा २०२३ च्या अडीचपट, तरी २०२३ नं जास्त नुकसान केलं. पावसाचा आकडा आणि नुकसानीचा आकडा यांच्यामध्ये रात्र असते, तलावाची पाळ असते, नाल्यात बांधलेली घरं असतात.

आमच्या वावराचं तळं झालं, अन् कागदावर म्हणे अतिवृष्टी नाही. असं कसं?

हा प्रश्न विचारताना कोणी हसत नाही.

महसूल खात्याच्या लेखी एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पंचनामे, आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त निघालं तर मदत. आता मंडळात वीस-पंचवीस गावं, आणि त्या सगळ्यांच्या वतीनं बोलणारं पर्जन्यमापक एक. आधी ते मंडळाच्या गावी कुठेतरी हातानं मोजलं जायचं, अलीकडे 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं बसली. यंत्र चांगलं आहे. पण आपल्या भागातला जुलैचा पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहे : ढग एका शिवारावर उभा राहतो, तासाभरात नाला वरून वाहतो आणि दोन कोसांवर धूळसुद्धा बसत नाही. यंत्राजवळ ६० पडला आणि तुमच्याकडे १३० पडला तर कागदावर ६० च राहतो.

यंत्र कुठं ठेवलं आहे यानंही फरक पडतो. नियम असा की जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जेवढी उंची, तिच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक हवं. मी एका ठिकाणी ते कडुनिंबाच्या फांदीखाली पाहिलं. साहेबांना म्हटलं, याच्यावर छत्री पण लावून द्या. साहेब हसले. फांदी दोन पावसाळे तशीच होती.

मग करायचं काय? मंडळाचा आकडा ६५ च्या आत असला तरी नदी-नाल्याच्या पुरानं पीक बुडालं किंवा जमीन खरडून गेली तर त्याची वेगळी दखल घेतली जाते; तसा अर्ज त्याच दिवशी तलाठ्याकडे द्या, पोच घ्या. फोटो काढा, त्यात धुऱ्यावरचं ओळखीचं झाड किंवा विहीर दिसू द्या, नुसतं पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. आणि गावाची स्वतःची पावसाची वही असू द्या. ती सरकारी पुरावा नाही, मी खोटी आशा दाखवत नाही. पण ग्रामसभेत "लय पाऊस झाला" म्हणणं आणि "बारा तारखेला सकाळी साडेआठपर्यंत ११८ मिलिमीटर" म्हणणं यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्याला साहेब मान वर करून बघतो.

तो डबा कसा ठेवायचा? मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा घ्या. वर रुंद-खाली निमुळता नको, बादली तर नकोच. लोक बादली ठेवतात आणि "बादलीभर पडला" म्हणतात. मोकळ्या जागी विटांमध्ये घट्ट बसवा, म्हणजे वारा किंवा कुत्रं पाडणार नाही. सकाळी ८.३० वाजता आत उभी पट्टी घालून पाण्याची खोली बघा. दोन सेंटिमीटर म्हणजे २० मिलिमीटर. लिहा, डबा रिकामा करा, परत ठेवा. डब्याचं तोंड लहान असो की मोठं, खोली तीच येते. हे कोणालाच पटत नाही, दोन डबे शेजारी ठेवून बघा.

साडेआठच का? कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. आकडा ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात. म्हणून ६ तारखेच्या दुपारी पडलेला पाऊस सरकारी तक्त्यात ७ तारखेला दिसतो आणि लोक म्हणतात तारीख चुकवली.

एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर. एकरात चार हजार चौरस मीटरहून थोडं जास्त. तेव्हा ६५ मिलिमीटर म्हणजे एकरी दोन लाख साठ हजार लिटर, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. दिवसभरात झिरपत गेले तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुमचे उपकार मानेल, तासाभरात ओतले तर मातीसकट निघून जातील.

पेरणीच्या वेळीही हीच वही कामाची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निम्मं गाव पहिल्या सरीला तिफण काढतं. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, कधी नव्हे इतका लवकर. लगेच बियाण्याच्या दुकानात गर्दी. मग त्याची पुढची वाटचाल दोन आठवड्यांहून जास्त थबकली. मुंबईच्या विक्रमावर आपल्या वावरात पेरायचं नसतं.

गारपीट आणि विजेचं काय? त्याचे विक्रम ठेवतात का?

गारपिटीचं मोजमाप अवघड. गार एका पट्ट्यात पडते आणि विरघळून जाते. पण २०१४ ची फेब्रुवारीअखेर ते मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाडा कोणी विसरणार नाही. एक दिवस नाही, दोन आठवड्यांच्या वर ती ठिकठिकाणी पडत राहिली. गहू झोपला, हरभरा फुटला, संत्र्याचा अंबिया बहार जमिनीवर आला. विक्रमाच्या यादीत तिला एक आकडा नाही म्हणून ती लहान ठरत नाही.

विजेबाबत थोडक्यात : पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर सांगतं. मोबाईलला रेंज नसेल तर कान आहेतच. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. बाभळीखाली उभं राहायचं नाही, लोखंडी अवजार खांद्यावर घ्यायचं नाही, बाया एकीला एक चिकटून बसतात तेही नाही. पक्क्या घरात जायचं. वीज पडून माणूस गेला तर वारसांना सरकारकडून ४ लाख रुपये मिळतात. ही माहिती कोणाच्या कामी येऊ नये.

ऊन लागलं तर कांदा खिशात ठेवावा का?

ठेवा, जेवताना खायला होईल. माणूस बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तव्यासारखं तापलं, की ते साधं ऊन लागणं नाही, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि दुपट्ट्यानं वारा घाला. काखेत, मानेवर, जांघेत ओलं फडकं. तापाची गोळी देऊ नका, हा तो ताप नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी हे सगळं त्याआधीचं, शुद्धीत असलेल्या माणसाचं.

मेमध्ये गारेगार करणारा कूलर जूनमध्ये काहून रुसते?

कूलर पाणी उडवून हवा गार करतो. मेची हवा कोरडी, पाणी भराभर पिते. जूनमध्ये तिचं पोट आधीच भरलेलं असतं. कूलर बिघडलेला नाही, खिडकी उघडा. आणि पाणी भरताना पिन काढा. कूलरचा शॉक लागून दरवर्षी कोणाच्या तरी घरी लेकरू जातं.

आमचा आजा म्हणायचा पहिलेही असंच तापायचं. मग हे हवामानबदलाचं काय खूळ?

आजाचं खोटं नाही. चाळिशीतले उन्हाळे विदर्भाला नवे नाहीत, वाळ्याच्या ताट्या काही हौसेनं लावत नव्हते. एखादा विक्रम हातात धरून "हे बघा हवामानबदल" असं म्हणता येत नाही. २०१८ च्या ३.५ वरून तर कोणी उलटंच सिद्ध करील. बघायची ती सरासरी. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं आणि १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशाचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. पाऊण अंश ऐकायला काहीच नाही. पण अंगणातली पायरी चार बोटं खचली की जो पूर आधी पायरीशी थांबायचा तो उंबऱ्यापर्यंत येतो; इथं तसंच झालं आहे, पूर तेवढाच अन् पायरीच खचली आहे. म्हणून आजाच्या वेळी जे दहा वर्षांत एकदा व्हायचं ते आता घडीघडी दारात येतं.

गुरुजी, तुमच्या वहीतला सगळ्यात मोठा पाऊस किती?

माहीत नाही. त्या रात्री नाल्याचं पाणी अंगणात आलं आणि डबाच वाहून गेला. सकाळी साडेआठला वही उघडली, तारखेपुढे लिहिलं, "डबा गेला." दुपारी तो खालच्या वावरात तुरीच्या ओळीत अडकलेला सापडला, तोंडापर्यंत गाळानं भरलेला. पट्टी घालून बघायचा मोह मला झाला होता.